दिवास्वप्नं दिवसच गिळायला लागली तर

दिवास्वप्नं पाहणं हा आजार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. रांगेत उभं असताना, कपड्यांच्या घड्या घालताना, लांबलेल्या मीटिंगमध्ये मन दुसरीकडे जातंच. हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. फोनवरच्या ॲपमधून ते लोकांना दिवसातून कधीही विचारायचे : आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि वाटतंय कसं? २,२५० प्रौढांच्या उत्तरांतून दिसलं, की जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं. जागेपणातला निम्मा वेळ आपण सगळेच थोडेफार गैरहजर असतो, आणि तरीही कामं होतात, नाती टिकतात. उद्याची तयारी, कालच्या बोलण्याचा अर्थ, अडलेल्या गोष्टीवरचा उपाय, असं बरंच काही या भटकंतीतच सुचतं.

पण काही माणसांचं मन नुसतं भरकटत नाही. ते ठरलेल्या एका जागी जातं आणि तिथे राहतं. त्या जागी पात्रं असतात. त्यांना नावं, वयं, स्वभाव, जुनी भांडणं असतात. कथानक महिनोन्‌महिने, कधी लहानपणापासून चालत आलेलं असतं. काहींच्या गोष्टीत ते स्वतः असतात, पण सुधारून घेतलेले : जास्त देखणे, हजरजबाबी, सगळ्यांना हवेसे. काहींच्या गोष्टीत ते कुठेच नसतात, फक्त पात्रं असतात. अभ्यासक या प्रकाराला ‘मॅलअ‍ॅडॅप्टिव्ह डेड्रीमिंग’ म्हणतात. आपण त्याला अतिरेकी दिवास्वप्नं म्हणू.

एक रात्र डोळ्यांपुढे आणा. अकरा वाजलेत. सकाळी एक अहवाल द्यायचा आहे. ‘पाचच मिनिटं’ म्हणून हेडफोन लावले. गाणं सुरू झालं तसा प्रसंगही सुरू झाला : भरलेलं सभागृह, मंचावर आपण, आणि ज्याने एके काळी चारचौघांत पाणउतारा केला तो माणूस पहिल्या रांगेत. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या. ओठ हलतायत, हात मध्येच उचलला जातोय. एक वाक्य मनासारखं पडलं नाही, म्हणून गाणं मागे नेलं आणि प्रसंग पुन्हा. या वेळी त्या माणसाचा चेहरा बरोबर उतरला, पण आपलाच आवाज जरा चढला. पुन्हा. डोळ्यांत खरंखुरं पाणी आलंय. घड्याळात पावणेदोन, अहवालाची फाइल उघडीच, कर्सर पहिल्या ओळीवर लुकलुकतोय.

ज्यांना हे ओळखीचं वाटलं नाही, त्यांना यात गंमत वाटेल. ज्यांना वाटलं, त्यांतल्या बहुतेकांनी आजवर हे कुणालाही सांगितलेलं नसतं.

नाव कुठून आलं

इस्राएलमधल्या हैफा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ मध्ये हे नाव पहिल्यांदा वापरलं. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या सहा जणांचं वर्णन त्या लेखात होतं. या सगळ्यांनी आयुष्यात मोठे आघात सोसले होते. त्यामुळे सुरुवातीला वाटलं, की हा आघातातून पळण्याचाच मार्ग असावा. पुढे ते चित्र बदललं. २०११ मध्ये जेन बिगेलसन आणि सिंथिया शुपाक यांनी स्वतःहून पुढे आलेल्या ९० जणांचा अभ्यास केला. त्यांतल्या बऱ्याच जणांचं बालपण सर्वसाधारण होतं, फक्त कल्पनेची ओढ लहानपणापासून जबर होती. बहुतेक जण कल्पना रंगवताना काही ना काही हालचाल करत होते : फेऱ्या मारणं, डुलणं, चेंडू किंवा दोरी हातात फिरवत राहणं. आणि त्यांतले बहुतेक ही गोष्ट लपवत होते.

२०१६ मध्ये १४ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार झाली. नंतर तिच्यात संगीताविषयीचे दोन प्रश्न वाढले, कारण गाण्याचा हात या सगळ्यात इतका मोठा आहे की तो वगळून चालत नाही. त्याच सुमाराच्या एका अभ्यासात, ज्यांना हा त्रास आहे असे लोक जागेपणातला निम्म्याहून जास्त वेळ अशा कल्पनांत घालवत असल्याचं आढळलं. त्रास नसलेल्यांत हे प्रमाण साधारण सहाव्या हिश्शाइतकं होतं. हे आकडे लोकांनी स्वतःच सांगितलेले, म्हणजे अंदाजाचे आहेत. पण फरक थोडाथोडका नाही.

तरीही हा अजून अधिकृत आजार नाही. मानसिक आजारांच्या वर्गीकरणाची जी दोन मोठी पुस्तकं जगभर वापरली जातात, अमेरिकी मनोविकार संघटनेचं डीएसएम आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी, त्यांच्या चालू आवृत्त्यांत याची नोंद नाही. सोमर, निरीत सोफर-डुडेक आणि त्यांचे सहकारी ती व्हावी म्हणून पुरावे मांडत आहेत. उलट बाजूने काही तज्ज्ञांना वाटतं, की प्रत्येक सवयीला आजाराचं लेबल लावू नये. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण ज्याची रात्र पावणेदोनपर्यंत गेली, त्याला पुस्तकात नोंद आहे की नाही याने फरक पडतो तो इतकाच, की त्याच्या डॉक्टरने हे नाव ऐकलेलं नसण्याची शक्यता मोठी.

सुटत का नाही

‘मग नको ना करूस’ असं म्हणणाऱ्यांना एक गोष्ट लक्षात येत नाही. हे सुख असतं, आणि तेही फुकट, केव्हाही, कुणाच्याही नकळत मिळणारं. दारू आणावी लागते, फोन चार्ज करावा लागतो. इथे साधनच डोक्यात आहे. भर वर्गात, जेवणाच्या टेबलावर, समोरचा बोलत असताना मान हलवत हलवत आत जाता येतं.

शिवाय मिळतात त्या भावना खोट्या नसतात. कल्पनेतल्या कौतुकाने छाती खरोखर भरून येते, कल्पनेतल्या मृत्यूने रडू खरोखर फुटतं. ज्याला प्रत्यक्षात एकटं वाटतं, कंटाळा येतो, कमी लेखलं जातं, त्याला तिथे नेमकी ती कसर भरून मिळते. पण बाहेर आल्यावर काम पडलेलंच, वर गेलेल्या दोन तासांचा पश्चात्ताप. तो पश्चात्ताप सहन होत नाही, मग त्यापासून सुटका म्हणून पुन्हा तिथेच. सोफर-डुडेक आणि सोमर यांनी ७७ जणांच्या दोन आठवड्यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, त्यांत हेच दिसलं : ज्या दिवशी दिवास्वप्नं जास्त आणि तीव्र, त्या दिवशी उदासी, चिंता आणि इतर त्रासही जास्त. उचकावणाऱ्या गोष्टीही ठरलेल्या असतात. विशिष्ट गाणं, नुकतीच पाहिलेली मालिका, एकटेपण, कंटाळवाणं काम, आणि सगळ्यात हमखास म्हणजे नुकताच झालेला अपमान.

यात एक कमी बोलली जाणारी बाब आहे. या गोष्टींमध्ये मधला भाग नसतो. कल्पनेतला गायक रियाज करत नाही, कल्पनेतली डॉक्टर रात्र-रात्र जागून अभ्यास करत नाही. आपण थेट टाळ्यांपाशी पोहोचतो. हेदर काप्पेस आणि गॅब्रिएल ओटिंगेन यांनी २०११ मध्ये सर्वसामान्य लोकांवर केलेले प्रयोग इथे आठवतात. ‘सगळं छान झालंय’ अशी गोड कल्पना रंगवल्यानंतर लोकांची ऊर्जा, म्हणजे कामाला भिडण्याची शरीराची तयारी, वाढण्याऐवजी उतरली. रक्तदाबाच्या मोजमापातही ते दिसलं. ध्येय गाठल्यासारखं वाटलं की शरीर सैलावतं. स्वप्न बघा, म्हणजे ते खरं होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मला अर्धवट वाटतो, तो यामुळेच.

दिवसावर काय परिणाम होतो

वेळ जातो हे तर उघड आहे. अभ्यासाला बसल्यावर पान उलटतं पण डोक्यात काही शिरत नाही. झोप मागे ढकलली जाते. आंघोळीला पाऊण तास लागतो. बसचा थांबा मागे पडतो. या गोष्टी दिसतात, म्हणून त्यांच्याबद्दलच बोललं जातं. मला जास्त गंभीर वाटतो तो नात्यांवरचा परिणाम.

समजा, मैत्रिणीशी काही बिनसलंय. तिच्याशी बोलायला हवं. पण तिच्याशी डोक्यात इतक्या वेळा बोलून झालेलं असतं, तिचं रडणं, आपलं माफ करणं, सगळं इतकं साग्रसंगीत पार पडलेलं असतं, की प्रत्यक्ष फोन करायची निकडच उरत नाही. आणि केलाच, तर ती लिहून दिलेली वाक्यं थोडीच बोलणार? ती म्हणते, “अगं, आत्ता जरा घाईत आहे, संध्याकाळी बोलू का?” यात वाईट काहीच नाही. पण डोक्यातल्या मैत्रिणीच्या तुलनेत ही मैत्रीण थंड, अपुरी वाटते. जिवंत माणसांवर नकळत नापासाचे शिक्के बसू लागतात. ज्याच्यावर मन बसलंय त्याच्याशी तीन वर्षांचा संसार डोक्यात झालेला असतो, आणि प्रत्यक्षात त्याला आपलं नावही नीट ठाऊक नसतं.

याच्या जोडीला लाज असते. दार अचानक उघडलं आणि हातवारे करताना कुणी पाहिलं तर? म्हणून एकांत जपायचा, सहलीला नाही म्हणायचं, कुणाबरोबर खोली वाटून घ्यायची नाही. प्रवासात मात्र खिडकीची जागा हवीच. कितीतरी जणांना वाटत असतं, की जगात असं करणारे आपण एकटेच आहोत. तसं ते नाही. इस्राएलमधल्या अभ्यासावरून २०२२ मध्ये काढलेल्या अंदाजात सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण २.५ टक्क्यांच्या आसपास आलं, आणि विद्यार्थ्यांमध्ये त्याहून बरंच जास्त.

हे वेड तर नाही ना?

हा प्रश्न बहुतेकांना मनातून कुरतडत असतो, म्हणून त्याचं उत्तर सरळ देऊ. नाही. स्किझोफ्रेनियासारख्या आजारात खरं काय आणि भास काय हेच कळेनासं होतं. आवाज बाहेरून आल्यासारखे वाटतात. इथे माणसाला पक्कं ठाऊक असतं, की हे मीच रचतोय. पात्रांशी बोलतानाही दारावरची बेल ऐकू येते आणि तो दार उघडायला जातो. सीमा शाबूत असते, फक्त ती ओलांडायची ओढ आवरत नाही. हे जर बदलत असेल, आवाज खरे वाटू लागले, कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटू लागलं, तर मात्र हा लेख बाजूला ठेवून मनोविकारतज्ज्ञाकडे जावं.

एडीएचडीशी, म्हणजे लक्ष टिकवणं अवघड करणाऱ्या विकाराशी, घोळ होतो तो वेगळा. बाहेरून दोन्हीकडे लक्ष नसलेलाच माणूस दिसतो. एडीएचडीत लक्ष या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहतं. इथे ते एकाच गोष्टीत इतकं रुततं, की बाकीच्यासाठी उरत नाही. अर्थात दोन्ही एकत्र असू शकतात. २०१७ मध्ये सोमर आणि सहकाऱ्यांनी असा त्रास असलेल्या ३९ जणांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या, तेव्हा तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक एडीएचडीच्या निकषांतही बसले. चिंता, नैराश्य, ओसीडी (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा विकार) हेही अनेकांमध्ये होतं. उलट दिशेने, एडीएचडीचं निदान झालेल्या प्रौढांना तपासलं तेव्हा त्यांतल्या साधारण पाचव्या हिश्शालाच हा त्रास निघाला. म्हणजे दोन्ही एकच नव्हेत. ओसीडीशी साम्य आहे ते ‘अजून एकदा, नीट जमेपर्यंत’ या ओढीत. पण ओसीडीचे विचार नकोसे असतात, हे हवेहवेसे.

उगाच घाबरून जायचं कारणही नाही. भरपूर, रंगीत, तपशिलात जाऊन कल्पना करणारे पुष्कळ लोक मजेत जगतात. किती तास जातात यापेक्षा मला दोन प्रश्न महत्त्वाचे वाटतात. थांबवायचं ठरवल्यावर थांबवता येतं का? आणि हे कशाच्या जागी चाललंय? झोपेच्या, जेवणाच्या, अभ्यासाच्या, माणसांच्या जागी चाललं असेल, आणि ठरवूनही आवरत नसेल, तर तो त्रास आहे, तास दोन असोत की सहा.

काय करता येतं

पहिलं म्हणजे ‘उद्यापासून बंद’ अशी शपथ घेऊ नये. एक तर मनाला ‘याचा विचार करू नकोस’ म्हटलं की ते तोच करतं. दुसरं, शपथ मोडली की लाज वाढते, आणि लाज वाढली की पुन्हा तेच.

त्याऐवजी नोंद ठेवावी. वही असो वा फोन, चार गोष्टी पुरेत : कधी सुरू झालं, त्याआधी काय चाललं होतं, किती वेळ गेला, बाहेर आल्यावर कसं वाटलं. कथानक लिहायचं नाही. लिहायला बसलं की ते पुन्हा सुरू होतं. आठवडाभरात साचा दिसू लागतो. कुणाचं सगळं एका गाण्याभोवती फिरत असतं, कुणाचं कॉलेजातून परतल्यानंतरच्या रिकाम्या तासाभोवती, कुणाचं एका विशिष्ट माणसाचा फोन येऊन गेल्यानंतर. हे इतकं साधं वाटतं, की लोक ते टाळतात. पण २०२३ मध्ये साडेतीनशेच्या वर लोकांवर झालेल्या एका चाचणीत, इंटरनेटवरून आपलं आपण करायच्या कार्यक्रमात माइंडफुलनेसच्या सरावाला अशा नोंदींची जोड देणाऱ्यांचा त्रास नुसतं थांबून राहिलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. माइंडफुलनेस म्हणजे इथे फार काही गूढ नाही. मन निघालंय हे निघतानाच लक्षात येणं आणि स्वतःवर न चिडता परत येणं, एवढंच. अतिरेकी दिवास्वप्नांत नेमकं हेच हुकतं. दीड तासाने कळतं, की आपण गेलो होतो.

उचकावणारी गोष्ट सापडली की तिच्यापाशीच थोडा अडसर घालायचा. ती गाण्यांची यादी काढून टाकणं, कामाच्या वेळी हेडफोन दुसऱ्या खोलीत ठेवणं, दार उघडं ठेवून बसणं, एकट्याने अभ्यास करण्याऐवजी कुणाच्या तरी सोबतीने करणं. अगदी कल्पनेसाठी वेळ ठरवून देणंही काहींना जमतं, सगळ्यांना नाही. कारण ‘पाचच मिनिटं’ या करारावर या मनाने आजवर कितीदा सही केलीय हे ज्याचं त्याला माहीत असतं.

मग येतो तो जास्त चिवट भाग : ही गोष्ट तिथे काय देते? कथेतली रत्नजडित सजावट बाजूला काढली, की खाली बहुतेकदा एक-दोनच इच्छा राहतात. कुणीतरी ऐकून घ्यावं. चूक झाली तरी टाकून देऊ नये. एकदा तरी जिंकावं. यातला छोटासा, बेचव वाटेल इतका छोटा तुकडा प्रत्यक्षात मिळवायचा प्रयत्न करता येतो. मंचावरचं भाषण नव्हे. मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारणं. सुरुवातीला हे कल्पनेपुढे फिकंच वाटतं, आणि तसं वाटणार हे आधी माहीत असलेलं बरं.

समुपदेशकाकडे जायचं असेल, तर नावापासून सुरुवात करू नये. “मी रोज इतके तास मनातल्या मनात गोष्टी रचतो, त्या खऱ्या नाहीत हे मला कळतं, पण थांबवता येत नाही आणि त्यामुळे माझं अमुक-अमुक बिघडतंय,” असं सरळ सांगावं. नाव नंतर सांगता येतं. औषधांबाबत म्हणाल, तर खास यासाठी मान्यता मिळालेलं औषध नाही. २००९ मध्ये शुपाक आणि रोझेन्थल यांनी एका रुग्ण महिलेला ओसीडीसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लुव्हॉक्सामिनने बराच आवर घालता आल्याची नोंद केली, पण तो एकाच व्यक्तीचा अनुभव आहे. सोबतचं नैराश्य, चिंता किंवा एडीएचडी यांवर मात्र चांगले उपचार आहेत, आणि ते सुरू झाल्यावर दिवास्वप्नांचीही पकड ढिली होते असं अनेकदा घडतं. मनात स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर आधी तेच सांगायचं, बाकी सगळं नंतर.

सोमर यांनीच २०१८ मध्ये एका तरुणावरच्या उपचारांची हकिगत मांडली आहे. स्वतःच्या नोंदी, माइंडफुलनेस, विचार-वर्तनावर काम करणारी थेरपी, असं सगळं मिळून काही महिन्यांत त्याचा दिवास्वप्नांतला वेळ निम्म्याहून खाली आला. शून्यावर आला नाही. उपचारांचा हेतूही तो नव्हता.

घरच्यांसाठी एकच गोष्ट. येरझाऱ्या घालताना किंवा एकट्याने हसताना दिसलं, तर दारातून “कुठल्या जगात आहेस?” असं ओरडू नका, वर्षानुवर्षं लपवलेली गोष्ट त्या एका वाक्याने आणखी खोल जाते. गोष्टीत काय चाललंय हेही खोदून विचारू नका. ते सांगायचं की नाही, हा त्या माणसाचा निर्णय. बरोबर फिरायला चल म्हणणं, एखाद्या कामात सोबत बसणं, याचा उपयोग जास्त होतो.

आणि कमी व्हायला लागल्यावर बरंच वाटेल असंही नाही. पहिले काही आठवडे अनेकांना रितं वाटतं. ज्या पात्रांच्या सोबतीने दहा-पंधरा वर्षं काढली, ती हळूहळू बोलेनाशी होतात, आणि हे दुःख कुणाला सांगायची सोय नसते, कारण ती माणसं कुणाला दिसलेलीच नव्हती. त्या काळात काही जण ती गोष्ट कागदावर उतरवायला घेतात. कुणाला ते जमतं, कारण कागदावर मधला कंटाळवाणा भागही लिहावा लागतो : पात्र दारापर्यंत कसं गेलं, त्याने चप्पल कुठे काढली. कुणाचं मात्र दोन ओळी लिहून पेन हातातच राहतं आणि फेऱ्या पुन्हा सुरू होतात. असं झालं, तर लिहिणं काही महिने बाजूला ठेवावं, आणि त्या वेळेची नोंद वहीत करावी.